डिमिनिश्ड सेव्हन्थ: हात बसतो, पण पुढे जायचं कुठे?

पांढरी चार

नमस्कार मंडळी. पेटीवरून पियानोकडे वळलोय. म्हणजे घरात मुलीसाठी घेतलेला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे, मुलगी आता बास्केटबॉल खेळते आणि कीबोर्ड माझ्या ताब्यात आलाय. मेजर, मायनर, डॉमिनंट सेव्हन्थ (जी७ सारखे) इथवर हात बरा चालतो. गाडी अडलीय ती डिमिनिश्डपाशी.

एका गाण्याच्या शीटवर लागोपाठ तीन कॉर्ड (एकत्र दाबायचे स्वर) आहेत: एफ, एफ शार्प डिम, सी. मी मधल्यासाठी काळी ३ (एफ शार्प), पांढरी ६ (ए) आणि पांढरी १ (सी) दाबतो. नुसता ऐकला तर ठीक वाटतो, पण तिथून सी मेजरवर गेलो की धपकन पडल्यासारखं होतं. रेकॉर्डिंगमध्ये तोच तुकडा लोण्यासारखा सरकतो, आणि त्या मधल्या कॉर्डात आणखी एक स्वर ऐकू येतो.

दुसरं, नेटवरून उतरवलेल्या तक्त्यात डिम सेव्हनची बारा नावं आहेत. वाजवून पाहिलं तर सी डिम सेव्हन आणि ए डिम सेव्हन यांच्या पट्ट्या त्याच! तक्ता चुकलाय का? कुणी सरगमच्या भाषेत सांगितलं तर फार बरं होईल, स्टाफ नोटेशन अजून अक्षरं लावत वाचतो.

घंटाळी

तक्ता बरोबर आहे. नावं बारा, पण पट्ट्यांचे संच तीनच.

कुठल्याही पट्टीवरून सुरू करा, काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून तीन-तीन पट्ट्या पुढे जा. पांढरी १, काळी २, काळी ३, पांढरी ६. अजून तीन पट्ट्या गेलात की वरची पांढरी १. सप्तकात पट्ट्या बारा, त्यांचे सारखे चार भाग झाले. त्यामुळे सुरुवात यातल्या कुठल्याही पट्टीवरून केली तरी तेच चार स्वर हाती येतात. सी, ई फ्लॅट, जी फ्लॅट (एफ शार्पचंच दुसरं नाव), ए या चौघांच्या नावाचे चार कॉर्ड म्हणजे एकच संच, त्याला घर म्हणू. दुसरं घर काळी १, पांढरी ३, पांढरी ५, काळी ५. तिसरं पांढरी २, पांढरी ४, काळी ४, पांढरी ७. झाले बारा.

हाताला ओळख पटवायला एक खूण सांगते. पहिल्या दोन घरांत दोन काळ्या, दोन पांढऱ्या. तिसऱ्यात काळी एकच. विद्यार्थ्यांना मी तिसऱ्यापासून सुरू करायला लावते, हात सरळ पडतो.

आता तुमचं धपकन. शीटवर नुसतं 'डिम' लिहिलेलं असलं तरी लोकप्रिय गाण्यांच्या छपाईत बहुतेक वेळा चार स्वरांचा डिम सेव्हनच अपेक्षित असतो. तुमचा राहिलेला स्वर काळी २, म्हणजे ई फ्लॅट. आणि शेवटच्या सी मेजरला डाव्या हातात सी घेऊ नका, जी घ्या. शीटवर तिरकी रेघ मारून पुढे जी लिहिलेला असेल, पुन्हा बघा.

डावा हात: एफ, एफ शार्प, जी.
उजवा हात: ए-सी-एफ, मग ए-सी-ई फ्लॅट, मग जी-सी-ई.

उजव्यात काय झालं बघा. सी तीनही वेळा जागेवर. ए दोनदा तसाच, मग जी वर उतरला. एफ खाली ई फ्लॅटवर आला आणि अर्धं पाऊल (लगतच्या पट्टीवर) वर जाऊन ई वर थांबला. उडी कुठेच नाही. हा कॉर्ड एकटा वाजवून काही कळत नाही, आधीचा आणि नंतरचा धरून तिन्ही एकत्रच शिकायचे.

शिळी भाकर

म्हणजे मालिकेत सासूबाई जिना उतरताना जो वाजतो तो हाच ना? तीन वेळा, तीन अँगलमधून?

घंटाळी

हो हो, तोच. मूकपटांच्या काळात पाश्चात्त्य थिएटरातले पियानोवाले खलनायक आला की दोन्ही हातांनी यावरच थरथराट करत. त्याआधी ऑपेरात. जर्मन संगीतकार वेबरच्या 'डेर फ्रायशुट्झ'मध्ये (१८२१) लांडग्याच्या घळीतला जादूटोण्याचा प्रवेश आहे. त्यात हा कॉर्ड तर आहेच, शिवाय त्या प्रवेशात ज्यांना सा धरलाय ते मुख्य स्वर एफ शार्प, ए, सी, ई फ्लॅट असे आहेत, म्हणजे अख्ख्या प्रवेशाचा सांगाडाच डिम सेव्हनचा. पुढे इतक्यांनी इतक्यांदा वापरला की भीतीचा शिक्काच बसला त्याच्यावर. पण भीती हा त्याच्या कामाचा अगदी छोटा भाग आहे.

तानपुरेवाला

सरगममध्ये मी सांगतो. पांढरी १ ला सा धरला तर पहिलं घर सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध ध. हे चारही स्वर मधुवंतीत सापडतील, पण राग म्हणून ऐकायला जाऊ नका, एकत्र दाबल्यावर रागाचा काही संबंध उरत नाही. तिसरं घर म्हणजे शुद्ध नि, शुद्ध रे, शुद्ध म, कोमल ध. किरवाणीत हे चारही आहेत. पाश्चात्त्यांची हार्मोनिक मायनर आणि आपली किरवाणी स्वरांनी एकच, त्यामुळे मायनरमधला डिम सेव्हन कुठून आला हे किरवाणी गाणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. तो नि सा कडे ओढतो, कोमल ध पंचमाकडे.

एक खोच मात्र मारतोच. शुद्ध गणिताने कोमल ग चं सा शी नातं ६/५. ते चारदा एकावर एक रचलं तर १२९६/६२५, म्हणजे २.०७३६. वरचा सा पाहिजे २. सुमारे ६३ सेंट (सेमिटोन, म्हणजे अर्धं पाऊल, १०० सेंटचं) चढा लागला, अर्ध्या सेमिटोनहून जास्त! पियानोवर तो बरोब्बर जुळतो कारण तिथे प्रत्येक अंतर छाटून ३०० सेंट केलंय, शुद्ध कोमल ग ३१५ च्या पुढे असतो. तेव्हा 'चारही स्वर समान' ही जादू पियानोच्या ट्यूनिंगची आहे. तानपुऱ्यासमोर चार गायक उभे करून हा कॉर्ड गाववा आणि मग सांगा तीनच घरं आहेत म्हणून.

घंटाळी

गणित मान्य. पण कॉर्ड त्या ट्यूनिंगच्या आधीपासून आहे. बाखच्या काळात तो भरपूर सापडतो आणि तेव्हाची ट्यूनिंग सगळीकडे समान नव्हती. तेव्हा तो अमुक पट्टीचा नि धरून यायचा आणि आपल्याच सा वर जायचा. चारही दारांतून ये-जा करण्याची खोड पुढे १९व्या शतकात बोकाळली.

एडिसनकर

जर्सीतून लिहितोय, उशीर झाला. घंटाळीताईंनी घरं दाखवली, मी दारं दाखवतो.

तिसरं घर दाबा: बी, डी, एफ, ए फ्लॅट. आता चारपैकी *कुठलाही एक* स्वर अर्धं पाऊल खाली सरकवा, बाकी तीन बोटं हलवू नका.

ए फ्लॅट खाली: जी७ मिळाला. तो सी कडे नेतो.
बी खाली: बी फ्लॅट७. ई फ्लॅटकडे.
डी खाली: डी फ्लॅट७. जी फ्लॅटकडे.
एफ खाली: ई७. ए कडे.

एक बोट हललं की चार वेगवेगळ्या गावांच्या डॉमिनंट सेव्हन्थ. म्हणून गाण्याची पट्टी मधेच बदलायची असेल तर याच्याइतकी सोयीची जागा नाही, चौक आहे तो. उलट एक स्वर अर्धं पाऊल *वर* सरकवलात तर हाफ डिमिनिश्ड मिळतो. बी चा सी केलात की डी, एफ, ए फ्लॅट, सी. तो निराळा कॉर्ड, त्याच्या गोलावर आडवी रेघ असते. शीट वाचताना नुसता गोल आणि रेघ मारलेला गोल यांत गल्लत करू नका.

जॅझवाले तर डिम सेव्हनला स्वतंत्र कॉर्ड मानायलाच कांकू करतात. त्यांच्या लेखी बी-डी-एफ-ए फ्लॅट म्हणजे जी७ मध्ये नववा स्वर कोमल करून घातला आणि खालचा जी काढून घेतला. डाव्या हातात तो जी परत ठेवून बघा, लगेच पटेल.

माझं मत विचाराल तर ई फ्लॅट की डी शार्प या शुद्धलेखनात नवशिक्याने पडूच नये. पट्ट्या ओळखा, दारं ओळखा, वाजवा.

घंटाळी

इथे भांडण आहे माझं तुमच्याशी! त्या चौकात कुठे वळायचं हे लिहिलेल्या नावावरूनच तर कळतं.

बेथोवनचा 'पथेटिक' सोनाटा घ्या, ओपस १३, प्रकाशन १७९९. पहिल्या भागात संथ 'ग्रेव्ह' पुन्हा येतो तेव्हा आपण जी मायनरमध्ये असतो. तिथे एफ शार्प, ए, सी, ई फ्लॅट असा डिम सेव्हन येतो. लगेच तोच कॉर्ड परत, पण आता ई फ्लॅटच्या जागी डी शार्प लिहिलाय. पट्टी तीच, आवाज तोच. पण ई फ्लॅट असेपर्यंत तो डी कडे खाली उतरणार असं वाटत असतं, डी शार्प झाला की त्याला ई वर चढायचंय. आणि तसंच होतं, जलद भाग सुरू होतो तो ई मायनरमध्ये. ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते, आणि वाजवणाऱ्याला मात्र ते कागदावर आधीच दिसलेलं असतं. नुसत्या पट्ट्या बघून वाजवणारा ते सगळं सपाट करून टाकतो.

साधा नियम द्यायचा तर, ज्या स्वरावरून कॉर्डाचं नाव पडलंय तो अर्धं पाऊल वर जाऊ पाहतो. बी°७ (गोल म्हणजे डिम) असेल तर सी, जी शार्प°७ असेल तर ए. आणि सर्वांत वरचा, म्हणजे सातवा, खाली उतरतो. बी°७ मधला ए फ्लॅट जी वर.

एडिसनकर

पथेटिकला हात टेकले. पण लीड शीटवर (नुसती चाल आणि कॉर्डांची नावं असलेल्या कागदावर) शुद्धलेखन कोण पाळतो, ताई? तिथे जी डिम लिहिलेलं असतं आणि काम बी फ्लॅट डिमचं असतं. तिथे कागदावर विश्वास ठेवला तर माणूस भलत्याच गावाला जातो. बेसचा, म्हणजे सर्वांत खालचा, स्वर कुठून आला नि कुठे चाललाय ते बघायचं.

घंटाळी

लीड शीटपुरतं मान्य.

म्हापशेंकार

देव बरें करूं. मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, सराव रोजचा, थिअरी कामापुरती. आमच्याकडे हा कॉर्ड भीतीसाठी कधीच येत नाही, येतो तो एका कॉर्डवरून दुसऱ्यावर चालत जायला.

चढताना: सी, सी शार्प°७, डी मायनर, डी शार्प°७, ई मायनर. बेस अर्ध्या अर्ध्या पावलाने वर. प्रत्येक डिम पुढच्या कॉर्डाचा नि आहे, म्हणून ओढ लागते.

उतरताना: ई मायनर७, ई फ्लॅट°७, डी मायनर७, जी७. इथे वरचा नियम लावू नका, ई फ्लॅट वर चढतच नाही, नुसता घसरतो खाली. ब्राझीलचा संगीतकार जोबिम याने ही घसरण फार सुंदर वापरलीय. त्याच्या 'वेव्ह'मध्ये (१९६७) पहिल्या डी मेजर७ नंतर लगेच बी फ्लॅट°७ आणि तिथून ए मायनर७.

आणि तिसरी, माझी लाडकी: जागच्या जागी. सी मेजर, सी°७, परत सी मेजर. बेसचा सी हलत नाही. ई फ्लॅट ई वर येतो, एफ शार्प जी वर, ए पण जी वर. स्तोत्राच्या शेवटी लांबलेल्या सुरावर हे केलं की लोक उगीचच माझ्याकडे वळून बघतात.

ऑर्गनवर तर बाखचा डी मायनर टोकाटा आहेच. सुरुवातीच्या तानांनंतर पायात डी धरून वर सी शार्प, ई, जी, बी फ्लॅट एकेक करून चढवत नेतो आणि मग डी मेजरवर सोडतो. डी खाली अडलेला आणि वर सी शार्प किंचाळतोय, चांगल्या ऑर्गनवर दाराच्या चौकटी थरथरतात.

जाता जाता, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात हार्मनी रुजवणारे अरेंजर बघा, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस. आमच्याच गावांकडचे. चर्चच्या शाळेत सोल्फेज (पाश्चात्त्य सरगम) घोटून गेलेली पिढी ती, त्यांना हे सगळं हाताखालचं होतं.

कणकवलीची

मुलीला आर्पेजिओ (कॉर्डाचे स्वर एकेक सुटे) म्हणून परीक्षेला आहेत हे. बोटं कशी घालायची? ती दर वेळी वेगळी घालते आणि मधेच अडकते.

घंटाळी

अंगठा काळ्या पट्टीवर नको, एवढं धरून चाला. सी वरून उजवा हात १-२-३-४ (१ म्हणजे अंगठा) आणि वरच्या सी ला पुन्हा १, अगदी शेवटच्या स्वराला ५. डावा ५-४-३-२-१ आणि पुढे ४-३-२-१. डी वरूनही हेच.

काळी १ वरून सुरू होणारा घोळ घालतो. उजव्यात पहिला स्वर दुसऱ्या बोटाने, लगेच ई वर अंगठा, मग २-३-४ आणि पुन्हा ई वर अंगठा. डाव्यात ३-२-१ म्हणजे अंगठा जी वर येतो, आणि त्याच्यावरून चौथं बोट काळी ५ वर टाकायचं. मुलीला आधी चारही स्वर एकदम दाबायला सांगा, हाताचा आकार ठरला की मग सुटे करायचे. आणि मनगट आडवं सरकू दे, कोपर उचलून अंगठा कोंबायचा नाही. सरावात पेडल बंद. पेडल दाबून हे सगळ्यांनाच छान वाटतं.

पांढरी चार

मंडळी, सोनं वाटताय! एफ, एफ शार्प°७, जी वरचा सी जमलं. डावा हात सरकतोय हे कळल्यावर तर ब्लूजमध्येही तेच ऐकू यायला लागलं, पाचव्या-सहाव्या बारमध्ये (बार म्हणजे शीटवरच्या दोन उभ्या रेघांमधला भाग).

एडिसनकरांची चार दारं वाजवून बघितली. आता अडचण अशी की दारं उघडतात, पण सरावासाठी एखादा सलग काहीतरी हवा. नुसते सुटे कॉर्ड वाजवून कंटाळा येतो. पथेटिक माझ्या हाताच्या फार पलीकडे आहे.

एडिसनकर

बॅरी हॅरिसची स्केल घ्या. डेट्रॉइटचा पियानिस्ट, १९२९ ते २०२१, म्हातारपणापर्यंत वर्ग घेत होता. सी मेजरच्या सात स्वरांत जी आणि ए च्या मधे जी शार्प घालायचा, आठ स्वर झाले. आता प्रत्येक स्वरावर एक सोडून एक स्वर घेत चार-चार स्वरांचा कॉर्ड करत चढा. पहिला सी-ई-जी-ए, म्हणजे सी सिक्स्थ. दुसरा डी-एफ-जी शार्प-बी, आपलं तिसरं घर. तिसरा परत सी सिक्स्थ, ई खाली. चौथा परत डिम. घरी, बाहेर, घरी, बाहेर. तानपुरेवाले, तुमच्या भाषेत शुद्ध सप्तकात कोमल ध जादा, दोन्ही ध हजर.

हे सी मध्ये सवयीचं झालं की कुठलीही चाल अशी सजवता येते. चालीतला स्वर सी, ई, जी, ए पैकी असेल तर सिक्स्थ, नसेल तर डिम.

घंटाळी

ते करा, पण त्याच्या जोडीला बाखचा सी मेजर प्रिल्यूडही घ्या, 'वेल-टेम्पर्ड'च्या पहिल्या भागातला, १७२२. हाताला सोपा, आणि डिम सेव्हनचा इतका शांत वापर दुसरीकडे मिळायचा नाही. सगळे सुटे स्वर आहेत, आधी प्रत्येक बार एका कॉर्डात गोळा करून वाजवा.

बार १२ मध्ये जी-बी फ्लॅट-ई-जी-सी शार्प. दुसरं घर. पुढे डी मायनर. बार १४ मध्ये एफ-ए फ्लॅट-डी-एफ-बी. तिसरं घर. पुढे सी मेजर. बेस बघा, जी, जी, एफ, एफ, ई. इतका हळू उतरतो की सासूबाईंची आठवणही येत नाही. बार २२ मध्ये एफ शार्प-सी-ए-सी-ई फ्लॅट, पहिलं घर. तिन्ही घरं एकाच तुकड्यात.

पांढरी चार

सुरू केला. बार २२ पर्यंत तुमचे आकडे जुळतात, पण माझ्या प्रतीत त्यानंतर बेसला जी असलेला एक बार आहे आणि मग ए फ्लॅटवाला. यूट्यूबवर जो ऐकतोय त्यात तो बार नाहीच. माझ्या प्रतीत एकूण बार ३६, त्याच्यात ३५.

घंटाळी

तो बार बाखचा नाही. श्वेंके नावाच्या नंतरच्या जर्मन संगीतकाराच्या नावाने ओळखला जातो. फ्रेंच संगीतकार गुनोने याच प्रिल्यूडवर आपली 'आवे मारिया' बसवली तीही तो बार धरून, त्यामुळे जुन्या छापील प्रतींत तो टिकून राहिला.

तो का घुसला असेल ते बेसवरून दिसतं. बाखकडे एफ शार्पनंतर थेट ए फ्लॅट येतो, मधला जी गाळून. कुणाला तरी ते चुकल्यासारखं वाटलं आणि त्याने जी भरून टाकला. पण एफ शार्पवर पहिलं घर आणि ए फ्लॅटवर तिसरं घर, वर अडकवलेला सी, असे दोन कॉर्ड जी च्या दोन बाजूंना उभे आहेत, आणि खुद्द जी पुढच्या बारात येतो, तोही बराच वेळ मुक्काम करायला. मधेच जी देऊन टाकला तर पुढे त्याची वाट कोण बघेल? पेन्सिलने खोडा तो बार. ए फ्लॅटच्या बारात उजव्या हाताला सी आणि डी शेजारी-शेजारी येतात, ते टोचणारच. घाई करून मऊ करू नका, आणि पेडल बार बदलला की बदला.

म्हापशेंकार

गुनोची 'आवे मारिया' दर लग्नात वाजवतो, तो जी घेऊनच. गाणारी बाई तिथे श्वास घेते, खोडला तर मला मारील.